'मोफत' रात्रीचे बिल

मुंबई, प्रतिनिधी – होनोलुलूच्या वैकिकी किनाऱ्यावरील हॉटेलात पाच रात्री राहायचे आणि खोलीभाड्यापोटी एक डॉलरही मोजायचा नाही! मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या लॉयल्टी कार्यक्रमांचे सदस्य वर्षानुवर्षे पॉइंट्स साठवतात ते याच सुखासाठी. कंपनीच्या कामानिमित्त विमानतळालगतच्या हॉटेलांत एकट्याने काढलेल्या रात्री, किराणा आणि पेट्रोलचे पैसे एकाच क्रेडिट कार्डावर भरण्याचा अट्टहास, या साऱ्याचे चीज समुद्रकिनाऱ्यावर होणार असते. प्रत्यक्षात निघण्याच्या दिवशी हाती पडणाऱ्या बिलात खोलीभाडे शून्य असले, तरी बेरीज तीनशे डॉलरच्या घरात जाते. ही रक्कम असते 'रिसॉर्ट फी'ची.

रिसॉर्ट फी म्हणजे खोलीभाड्याव्यतिरिक्त दर रात्री सक्तीने आकारली जाणारी रक्कम. वैकिकीतील मोठ्या हॉटेलांत ती साधारणपणे ४० ते ६० डॉलर असते. ती ५० डॉलर धरली, तर पाच रात्रींचे २५० डॉलर होतात. त्यावर कर वेगळा. हवाईमध्ये जानेवारी २०२६ पासून राज्याचा निवास कर ११ टक्के झाला आहे. ओआहू बेटावर काउंटीचा ३ टक्के आणि ग्राहकाकडून वसूल होणारा सर्वसाधारण कर ४.७१२ टक्के त्यात मिळवला, की हे प्रमाण १८.७ टक्क्यांवर जाते. हा कर रिसॉर्ट फीवरही लागतो. म्हणजे एकूण सुमारे २९७ डॉलर, अर्थात पंचवीस हजार रुपयांहून अधिक. मोटार भाड्याने घेतली असेल, तर हॉटेलच्या आवारात ती उभी करण्याचे पैसे निराळे.

एवढ्या पैशांत काय मिळते, याची यादी हॉटेले उत्साहाने देतात. वाय-फाय, स्थानिक दूरध्वनी, व्यायामशाळेचा वापर, पोहण्याच्या तलावावरचे टॉवेल, पाण्याची बाटली आणि हवाईत असाल तर हुला नृत्याचा किंवा फुलांचे 'लेई' हार गुंफण्याचा एखादा वर्ग. यातील वाय-फाय बहुतेक साखळ्या आपल्या सदस्यांना आधीपासूनच विनामूल्य देतात. सदस्याच्या संतापाचे मूळ इथे आहे. जी सवलत सदस्य म्हणून हक्काची आहे, तिचेच पैसे रिसॉर्ट फीच्या नावाखाली पुन्हा घेतले जातात. काही ठिकाणी याबदली दुसरी एखादी सवलत देण्याची तरतूद असते; पण ती कोणती, हे हॉटेलने ठरवायचे असते. हवाईतील समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. तेव्हा वाळू फुकट आणि तीवर अंथरायचा टॉवेल मात्र विकतचा, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. आई-वडील उन्हाळ्यात भारतातून आले की नायगारा, लास व्हेगास आणि जमल्यास हवाई, असा बेत ठरतो. दोन खोल्या लागतात, म्हणून वर्षभराचे पॉइंट्स त्यासाठी राखले जातात. रिसॉर्ट फी बहुधा माणशी नव्हे, खोलीमागे असते. म्हणजे दोन खोल्यांना ती दुप्पट होते.

साखळीगणिक नियम वेगळा

सर्वच साखळ्या असे वागतात असे नाही, आणि हीच बाब अनेकांना ठाऊक नसते. हिल्टन आपल्या 'ऑनर्स' सदस्यांकडून, आरक्षण पूर्णपणे पॉइंट्सवर केले असल्यास, रिसॉर्ट फी घेत नाही. हयातमध्येही मोफत रात्रींवर ती माफ असते. शिवाय 'ग्लोबलिस्ट' या तिच्या वरच्या श्रेणीतील सदस्यांना पैसे भरून राहतानाही माफी मिळते. मॅरियटच्या 'बॉनव्हॉय'मध्ये मात्र पॉइंट्सवरील मुक्कामालाही फी द्यावी लागते. त्यात एक गंमत अशी, की सलग पाच रात्री पॉइंट्सवर आरक्षित केल्यास पाचव्या रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत. फी मात्र पाचही रात्रींची लागते.

या फरकामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. दारावर ज्या साखळीचे नाव झळकते, ती सहसा त्या इमारतीची मालक नसते. मालक वेगळा, साखळी आपले नाव, आरक्षण व्यवस्था आणि लॉयल्टी कार्यक्रम पुरवते व त्याबद्दल शुल्क घेते. सदस्य पॉइंट्सवर राहिला की साखळी मालकाला मोबदला देते. हॉटेल जवळपास भरलेले असेल तर तो खोलीच्या चालू दराच्या आसपास असतो. एरवी तो बराच कमी असतो. खोल्या रिकाम्या असताना आलेला 'मोफत' पाहुणा मालकाच्या दृष्टीने फारसा किफायतशीर नसतो. रिसॉर्ट फी ही त्याच्याकडून थेट रोख मिळणारी रक्कम. ती सोडा, असे मालकांना सांगण्याची तयारी दोन साखळ्यांनी दाखवली, तिसरीने नाही. हे अशक्य नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

ही फी अमेरिकेत रुजली १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा काही विश्रामस्थळी टेनिस, गोल्फचा सराव अशा सोयींसाठी ती घेतली जाई. पुढे प्रवासाची आरक्षणे संकेतस्थळांवरून होऊ लागली आणि फीचा खरा उपयोग हॉटेलांच्या ध्यानात आला. ग्राहक स्वस्त ते महाग अशा क्रमाने यादी पाहतो. खोलीचा दर ४५० ऐवजी ४०० दाखवला आणि उरलेले ५० मागाहून लावले, तर हॉटेल यादीत वर सरकते. त्यातच अनेक ठिकाणी मध्यस्थाचे कमिशन खोलीभाड्यावर ठरत असल्याने फीची रक्कम त्यातून सुटते. कालांतराने न्यू यॉर्कसारख्या शहरांतल्या, समुद्राचा वाराही न लागणाऱ्या हॉटेलांनी 'डेस्टिनेशन फी' या नावाने हाच मार्ग धरला.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०१२ मध्ये २२ हॉटेल कंपन्यांना इशारापत्रे धाडली. जानेवारी २०१७ मध्ये याच आयोगाच्या अर्थशास्त्रविषयक अहवालात, सक्तीची फी खोलीभाड्यापासून वेगळी दाखवल्याने ग्राहकाचे नुकसान होते, असा निष्कर्ष काढण्यात आला. जुलै २०१९ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या ॲटर्नी जनरलनी मॅरियटविरुद्ध, तर नेब्रास्काच्या ॲटर्नी जनरलनी हिल्टनविरुद्ध दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाशी झालेल्या तडजोडीत मॅरियटने एकूण दर सुरुवातीलाच दाखवण्याचे मान्य केले. अखेर १२ मे २०२५ पासून आयोगाचा नवा नियम देशभर लागू झाला. सक्तीच्या सर्व शुल्कांसह एकूण किंमत पहिल्यापासून ठळकपणे दाखवणे आता हॉटेलांवर बंधनकारक आहे. सरकारी कर तेवढे त्यातून वगळता येतात.

मात्र फी घेऊच नये, असे हा नियम म्हणत नाही. ती किती असावी, हेही सांगत नाही. ती लपवू नका, एवढेच त्याचे म्हणणे. पैसे भरून राहणाऱ्या ग्राहकाला याचा उपयोग निश्चित आहे. पॉइंट्सवर राहणाऱ्या सदस्याची मात्र त्यामुळे एक नवी फसगत होऊ शकते.

पॉइंटची खरी किंमत

समजा, खोलीचे भाडे ४०० डॉलर, फी ५० डॉलर आणि पॉइंट्सचा दर ६० हजार आहे. पूर्वी संकेतस्थळ ४०० दाखवत असे. आता ४५० दाखवते. करासह तो आकडा ५३४ डॉलर होतो. सदस्य त्याला ६० हजारांनी भागतो आणि एका पॉइंटचे ०.८९ सेंट मिळाले म्हणून खूश होतो. परंतु फी माफ नसेल, तर करासह सुमारे ५९ डॉलर त्याला द्यावेच लागणार आहेत. वाचले ते ४७५ डॉलर, म्हणजे पॉइंटमागे ०.७९ सेंट. भागाकार करण्यापूर्वी, कोणत्याही परिस्थितीत भरावी लागणारी रक्कम वजा केली पाहिजे. हा साधा नियम न पाळल्याने अनेकजण रोख भरणे शहाणपणाचे असतानाही पॉइंट्स खर्च करून बसतात.

मुळात पॉइंट्सचे मोलच घसरत आहे, ही सदस्यांची दुसरी आणि माझ्या मते अधिक गंभीर तक्रार. पूर्वी साखळ्या कोष्टक जाहीर करत. कोणते हॉटेल कोणत्या वर्गात आणि त्याला किती पॉइंट्स, हे आधी कळे. त्यानुसार बचतीचे उद्दिष्ट ठेवता येई. हिल्टनने २०१७ मध्ये कोष्टक बंद केले. मॅरियटने मार्च २०२२ मध्ये तोच कित्ता गिरवला. आता पॉइंट्सचा भाव मागणीनुसार बदलतो. मालदीवमधील इथाफुशी बेटावर वॉल्डॉर्फ अस्टोरिया २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा साध्या खोलीच्या एका रात्रीला १ लाख २० हजार पॉइंट्स लागत. पुढे हा भाव दीड लाखावर आणि नंतर त्याहीपलीकडे गेला. बँकेने ठेवीचा व्याजदर बदलला तर तो निदान पुढच्या ठेवींना लागू होतो. इथे साठवलेल्या पुंजीचेच मोल कमी होते, आणि दाद मागायची सोय नाही. कारण कार्यक्रमाच्या अटी कधीही बदलण्याचा हक्क साखळीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

श्रेणीचीही तीच गत. मॅरियटमध्ये 'प्लॅटिनम' होण्यासाठी वर्षाला ५० रात्री लागतात. परंतु अमेरिकेत वर्षाला काहीशे डॉलर शुल्काचे एक क्रेडिट कार्ड घेतले, की एकही रात्र न राहता ही श्रेणी मिळते. साहजिकच डिसेंबरच्या अखेरीस एखाद्या किनाऱ्यावरील हॉटेलच्या स्वागतकक्षात 'प्लॅटिनम' पाहुण्यांची रांग लागते आणि समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या मात्र पूर्वीएवढ्याच असतात. या खोल्यांचेही प्रकार किती! बागेकडची, समुद्र अंशतः दिसणारी, समुद्र दिसणारी, थेट समुद्रासमोरची. 'अंशतः' या शब्दाचा अर्थ सज्जाच्या कठड्यावरून मान किती वाकवावी लागते यावर ठरतो, हे अनुभवींना सांगायला नको. श्रेणीचा मान म्हणून बागेकडून 'अंशतः'कडे बढती मिळाली, तरी हॉटेलच्या दफ्तरी सवलत दिली गेली.

न्याहारीबाबत हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतील हॉटेलांत बदल केला. वरच्या श्रेणीतील सदस्यांना मिळणारी मोफत न्याहारी जाऊन तिथे खाण्यापिण्यासाठी रोजची ठराविक रक्कम आली. शहरातल्या हॉटेलात ती कदाचित पुरेल. किनाऱ्यावरील विश्रामस्थळी, जिथे साध्या न्याहारीचा दरही चढा असतो, तिथे वरचा भार पाहुण्यावर पडतो.

मालदीवचा हिशेब

मुंबईहून विमानाने काही तासांच्या अंतरावर असलेले मालदीव हे मराठी नवदांपत्यांचे आवडते ठिकाण. येथे रिसॉर्ट फी हे नाव सहसा ऐकू येत नाही; खर्च मात्र दुसऱ्या दारांनी येतो. माले विमानतळावरून दूरच्या बेटांवर जायला सीप्लेन लागते. त्याचे जाण्या-येण्याचे भाडे माणशी साधारण ४०० ते ७०० डॉलर असते आणि ते पॉइंट्समध्ये धरलेले नसते. सीप्लेन दिवसाउजेडीच उडतात. संध्याकाळी उशिरा उतरणाऱ्याला ती रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात पदरमोड करून काढावी लागते आणि बेटावर आरक्षित केलेली 'मोफत' रात्र वाया जाते.

याशिवाय १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवरील हरित कर माणशी दर रात्री १२ डॉलर झाला आहे. पूर्वी तो निम्मा होता. दोघांच्या चार रात्रींचे ९६ डॉलर पॉइंट्सवर राहणाऱ्यालाही चुकत नाहीत. जेवणाच्या दरपत्रकात किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे असतात, ती नीट पाहावीत. पहिले १० टक्के सेवाशुल्काचे, दुसरे १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झालेल्या पर्यटन कराचे. आणि दुसरे पहिल्यावरही लागते. शंभर डॉलरचे जेवण १२८ डॉलर ७० सेंटला पडते. बेटावर दुसरे उपाहारगृह शोधायला बाहेर पडणे शक्य नसते, हे निराळे सांगायला नको.

भारतात रिसॉर्ट फीची पद्धत रुजलेली नाही. सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. सुरुवातीला कमी किंमत दाखवून टप्प्याटप्प्याने ती वाढवत नेण्याचा प्रकार नोव्हेंबर २०२३च्या 'डार्क पॅटर्न्स'विषयक सूचनांतही अनुचित ठरवला आहे. असे असले, तरी गोव्यात नाताळात किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री पॉइंट्सवर राहू पाहणाऱ्यांनी एक चौकशी अवश्य करावी. अनेक मोठी हॉटेले त्या रात्रींना 'गाला डिनर' सक्तीचे करतात. त्याचे पैसे माणशी, मुलांसह आणि रोख घेतले जातात. एचडीएफसी बँकेसोबतचे मॅरियटचे कार्ड २०२३ मध्ये आल्यापासून आपल्याकडेही मोफत रात्रींचे प्रमाणपत्र अनेकांच्या खात्यात पडून असते. ते अशा रात्री वापरण्यापूर्वी हॉटेलला ई-मेल पाठवून सक्तीच्या सर्व रकमांचा लेखी तपशील मागवता येतो.

त्याच पत्रात खोली सोडण्याची वेळही विचारून घ्यावी. मॅरियटमध्ये प्लॅटिनम सदस्याला दुपारी चारपर्यंत थांबण्याची हमी आहे. परंतु त्याच नियमातील अपवादानुसार विश्रामस्थळी ही हमी लागू होत नाही, तेथे खोली उपलब्ध असली तरच ही सवलत मिळते. मुंबईचे परतीचे विमान रात्रीचे असेल, तर दुपारी बारानंतर ओले कपडे पिशवीत भरून स्वागतकक्षातील सोफ्यावर बसण्याची तयारी ठेवलेली बरी.