तेलाविना टिकटिक

परीक्षेच्या दिवसांत आमच्या शाळेत वर्गावर मोबाईल नेता येत नाही. भिंतीवरचे घड्याळही बंद होते. म्हणून गेल्या वर्षी मी कपाटातून अब्बांचे जुने एचएमटी जनता काढले, चावी दिली आणि टेबलावर ठेवले. पेपर संपल्यावर सातवीतला एक मुलगा उत्तरपत्रिका द्यायला आला. त्याने आधी घड्याळाकडे पाहिले, मग हळूच त्याला कान लावला आणि विचारले, "मॅडम, यात सेल नाही? मग हे आतमध्ये वाजते काय?"

मला नीट उत्तर देता आले नाही. "चक्रे असतात बाळा," एवढेच म्हणाले. त्यातच घरी आल्यावर कळले की घड्याळ वीस मिनिटे मागे पडले होते. अब्बा रोज फज्रच्या नमाजला निघण्याआधी त्याला चावी देत आणि रेडिओच्या बातम्यांशी वेळ जुळवत. त्यांच्या हयातीत ते असे कधी मागे पडले नव्हते.

आमच्या बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. चाचांच्या मुलांपैकी कोणी तो धंदा धरला नाही. शेवटी तालुक्याच्या गावी एक वयस्क कारागीर सापडले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले आणि पाहताक्षणी म्हणाले, "काही मोडलेले नाही. तेल सुकले आहे."

या एका वाक्याने मी वाचनाच्या वेगळ्याच वाटेला लागले. कारण घड्याळातले तेल सुकते, ही तक्रार माझ्या अब्बांच्या घड्याळापुरती नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ जगातले मोठमोठे कारागीर तिच्याशी झुंजत आले आहेत. आणि 2018 मध्ये इंग्लंडमधील चार्ल्स फ्रॉडशम या जुन्या पेढीने हाताने घडवलेले जे मनगटी घड्याळ लोकांसमोर आणले, त्याच्याविषयी घड्याळांच्या संग्राहकांत जी चर्चा चालते, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न आहे.

झोका आणि धक्का

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ.

चावी दिली की घड्याळातली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला लगेच उलगडायचे असते. मोकळी सोडली तर ती सारी चक्रे काही क्षणांत गरागरा फिरवून मोकळी होईल. शाळा सुटल्यावर मुले फाटकाकडे धावतात, तशी. म्हणून फाटकावर एक राखणदार लागतो, जो एका वेळी एकालाच बाहेर सोडतो. घड्याळातल्या या राखणदाराचे नाव एस्केपमेंट. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे हे फाटक उघडण्या-मिटण्याचा आवाज. अब्बांच्या घड्याळात तो सेकंदाला पाच वेळा होतो, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार वेळा.

राखणदाराला आणखी एक काम असते. घड्याळात बॅलन्स नावाचे एक लहान चाक झोक्यासारखे पुढे-मागे हलत असते. वेळ मोजतो तो हा झोका. तो थांबू नये म्हणून राखणदार प्रत्येक फेरीला त्याला हलकासा धक्का देतो. आपल्या बहुतेक चावीच्या घड्याळांत हे काम लिव्हर करतो. थॉमस मज या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकाच्या मध्यावर तो शोधून काढला. लिव्हर मजबूत आहे, धक्क्या-हिसक्यांना दाद देत नाही. पण त्यात एक खोट आहे. चक्राचा दात लिव्हरच्या माणकावरून घसरत जातो आणि त्या घसरण्यातून धक्का मिळतो. घसरण आली की घर्षण आले, घर्षण आले की तेल आले. तेल पुढे घट्ट होते, वाळते, आणि घड्याळ मागे पडू लागते.

ब्रेगे ते डॅनियल्स

पॅरिसचे प्रसिद्ध घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांना ही खोट खटकत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी दोन चक्रांचा एस्केपमेंट केला. झोका एका बाजूला निघाला की एक चक्र त्याला ढकलणार, परतला की दुसरे. न घासता, थेट. मग तिथे तेलाची गरज नाही. कल्पना उत्तम होती. पण दुसरे चक्र पहिल्याच्या दातांनी फिरायचे, आणि दातांमधली किंचितशी फट सारे गणित बिघडवायची.

ही अडचण दूर केली जॉर्ज डॅनियल्स यांनी. 1926 साली जन्मलेले हे इंग्रज गृहस्थ गरिबीत वाढले. घड्याळदुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली, लंडनमध्ये रात्रवर्गात शिकले आणि पुढे आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर राहून एकेक घड्याळ घडवत गेले. त्यांनी दोन्ही चक्रांना आपापली वेगळी स्प्रिंग आणि वेगळी चक्रमाळ दिली. म्हणजे झोक्याच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी, कोणी कोणावर अवलंबून नाही. 1982 मधले त्यांचे 'स्पेस ट्रॅव्हलर' हे खिशातले घड्याळ या रचनेचा नमुना आहे. दोन चक्रमाळा होत्याच, तर त्यांनी एकीवर आपली नेहमीची वेळ दाखवली आणि दुसरीवर ताऱ्यांची वेळ. ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळपास चार मिनिटांनी लहान असतो. पहिले 'स्पेस ट्रॅव्हलर' विकल्याची हुरहूर लागली, म्हणून डॅनियल्स यांनी स्वतःसाठी दुसरे केले. त्यांच्या निधनानंतर 2017 मध्ये ते दुसरे घड्याळ लंडनच्या लिलावात सुमारे 32 लाख पौंडांना गेले.

त्यांचा दुसरा शोध को-ॲक्शियल एस्केपमेंटचा. घासणे कमी करणारी ही रचना घेऊन ते कितीतरी वर्षे स्विस कंपन्यांचे उंबरठे झिजवत होते. अखेर 1999 मध्ये ओमेगाने ती बाजारात आणली. पण दोन चक्रांची, दोन स्प्रिंगांची ती रचना खिशातल्या घड्याळापुरतीच राहिली. मनगटावर मावेल इतकी ती लहान करणे हे फार किचकट काम होते.

फ्रॉडशमच्या कारागिरांनी ते हाती घेतले आणि त्यात सुमारे सोळा वर्षे घालवली. नाव ठेवले 'डबल इम्पल्स क्रोनोमीटर', म्हणजे दोन्ही बाजूंनी धक्का देणारे. जुन्या काळी जहाजांवर जी अचूक घड्याळे असत, त्यांत झोक्याला एकाच बाजूने धक्का मिळे. ती पेटीत स्थिर ठेवली तर उत्तम चालत, पण हाताच्या हिसक्यांना ती रचना सोसत नसे. फ्रॉडशमच्या घड्याळात धक्का दोन्ही बाजूंनी मिळतो, तोही तेलाशिवाय.

संग्राहक काय म्हणतात

अशी घड्याळे विकत घेणारे लोक आपल्यातले नव्हेत, हे उघड आहे. किंमत हजारो पौंडांत, घड्याळे वर्षाला मोजकीच, वाट पाहणे वर्षांचे. तरी त्यांच्यातले मतभेद मला एखाद्या शिक्षकांच्या बैठकीसारखे वाटले. प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर.

पहिला गट म्हणतो, ही खरी प्रगती आहे. बाजारात 'नवे' म्हणून जे येते ते बहुधा नव्या रंगाची तबकडी आणि नवा पट्टा असते. इथे मात्र घड्याळाच्या काळजालाच हात घातला आहे. ज्या जागी तेल सर्वांत जास्त त्रास देते, तिथून ते काढून टाकले आहे.

दुसरा गट हिशेबी आहे. तो विचारतो, पण यातून साधले काय? चांगला लिव्हर नीट जुळवला तर दिवसाला दोन-चार सेकंदांच्या फरकाने चालतो. सेलवरचे स्वस्त घड्याळ त्याहून अचूक असते. दोन स्प्रिंगा, दोन चक्रमाळा आणि तरीही एकदा चावी दिली की घड्याळ चालते छत्तीस तास. शिवाय तेल एस्केपमेंटमधून गेले, बाकीच्या चक्रांच्या टोकांना ते लागतेच. मग सर्व्हिसिंग टळले कुठे? हा प्रश्न मला रास्त वाटतो.

तिसऱ्या गटाचे डोळे तबकडीवर असतात. ती अगदी साधी आहे. काहींना हा साधेपणा आवडतो, तर काही म्हणतात, एवढे पैसे मोजून इतके साधे? मला मात्र या पेढीच्या जुन्या घड्याळांवरचे एक सांकेतिक अक्षरलेखन आवडले. 'एडी एफएमएसझेड' अशी काही अक्षरे त्यांवर आढळतात. फ्रॉडशम या इंग्रजी नावातल्या अक्षरांना क्रमाने आकडे द्यायचे आणि झेड म्हणजे शून्य धरायचे. एफ म्हणजे 1, एम म्हणजे 8, एस म्हणजे 5. उत्तर येते 1850, त्या पेढीच्या सुधारित घड्याळांचे साल. मी हे कोडे वर्गात घातले, तेव्हा मुलांनी दहा मिनिटांत सोडवले.

चौथा गट 'हाताने घडवलेले' या शब्दांवर अडतो. आज संगणकावर चालणारी यंत्रेही भाग कापून देतात. मग हाताचे काय उरले? याचे उत्तर मला रॉजर स्मिथ यांच्या हकिगतीत मिळाले. स्मिथ हे डॅनियल्स यांचे शागीर्द. तरुणपणी त्यांनी डॅनियल्स यांचेच पुस्तक वाचून दीड वर्ष खपून एक घड्याळ बनवले आणि उस्तादांना नेऊन दाखवले. उस्ताद म्हणाले, हे हाताने केलेले दिसते, परत जाऊन पुन्हा सुरू कर. म्हणजे 'हाताने केलेले दिसणे' हीच चूक! हात इतका सधावा की त्याची खूण उरू नये. स्मिथ परत गेले. दुसऱ्या घड्याळाला त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ दिला, नको वाटलेले भाग टाकून पुन्हा पुन्हा केले. या वेळी उस्तादांनी एकेका भागाचे नाव घेऊन विचारले, हा कोणी केला? प्रत्येक वेळी उत्तर आले, मीच. मग त्यांनी त्याला घड्याळकार म्हणून मान दिला. तेच घड्याळ 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 49 लाख डॉलरना विकले गेले.

पाचव्या गटाचा प्रश्न सर्वांत साधा आहे, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पन्नास वर्षांनी हे दुरुस्त कोण करणार? लिव्हरची घड्याळे जगभर आहेत. ती जाणणारे कारागीर कमी झाले तरी अजून आहेत. पण इतके निराळे काळीज असलेले घड्याळ बिघडले, तर ते उघडण्याची हिंमत करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्या इंग्लंडने लिव्हर दिला, त्याच देशात आज घड्याळनिर्मितीची गणना लोप पावत चाललेल्या हस्तकलांत होते.

तेलापेक्षा अवघड

हे सगळे वाचून झाल्यावर मला तालुक्याच्या त्या कारागिरांचे वाक्य पुन्हा आठवले. तेल सुकले आहे. ब्रेगे, डॅनियल्स आणि फ्रॉडशम यांनी मिळून तेलाचा प्रश्न बराचसा सोडवला. पण तेल सुकले तर नवे घालता येते. हुनर सुकला तर काय घालणार? संग्राहक लाखो मोजतात ते वेळ पाहण्यासाठी नव्हे. डॅनियल्सकडून स्मिथकडे जे गेले, ते पुढेही जात राहावे याची ती किंमत आहे, असे मला वाटते. लिव्हर बरा की दोन चक्रे बरी, हा वाद पुढेही चालेल. पण तो वाद समजणारी बोटे असली पाहिजेत.

आपल्याकडेही ही गोष्ट दूरची नाही. बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने 1961 मध्ये एचएमटीची घड्याळे बनू लागली. 2016 मध्ये केंद्र सरकारने ती कंपनी बंद करायला मंजुरी दिली. घड्याळे मात्र घराघरांतल्या कपाटांत अजून पडून आहेत. कोणाच्या निकाहातली, कोणाच्या पहिल्या पगारातली, कोणाच्या दादांची.

भगिनींनो, आणि बंधूंनोही, तुमच्या घरी असे घड्याळ असेल तर एक करा. बरीच वर्षे पडून असेल तर त्याला रोज चावी देऊन चालवू नका. सुकलेल्या तेलावर चक्रांची टोके झिजतात. माझी नेमकी हीच चूक झाली. आधी साफ करून, तेल घालून घ्या. जो कारागीर हे काम करतो, त्याच्याशी घासाघीस करू नका. आणि जाताना घरातले एखादे मूल सोबत न्या.

मी त्या सातवीतल्या मुलाला त्याच्या अम्मीची परवानगी घेऊन नेले होते. कारागिरांनी त्याच्या डोळ्याला भिंग लावून दिले. तो बराच वेळ गप्प बसून आत पाहत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मॅडम, हा झोका थांबतच नाही."

अब्बांचे घड्याळ आता दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाते. कारागीर म्हणाले, पुन्हा घेऊन या, जुळवून देतो. मी त्या मुलाला सुट्टीचा दिवस विचारून ठेवला आहे.