नवे लिनक्स चढवण्याआधी कार्डाचे नाव पाहा

व्यापारी व कारागीर बांधवांनो, विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक न फेकता त्यावर फुकट मिळणारे लिनक्स घालणे हा स्वस्त मार्ग आहे. मात्र लिनक्सची नवी आवृत्ती चढवताना जुने ग्राफिक्स कार्ड अडवू शकते.

कारण साधे आहे. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्समध्येच खुला असतो. एनव्हिडिया आपला ड्रायव्हर स्वतः देते आणि जुनी कार्डे काही वर्षांनी वगळते. जीफोर्स २१० ला लागणाऱ्या ३४० मालिकेची देखभाल २०१९ अखेर थांबली, जीटी ७१० च्या ४७० मालिकेची २०२४ मध्ये. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळला नाही, तर पडदा काळा. उधारीचा हिशेब आत, दुकानदार बाहेर! टोकावड्याहून मुरबाडमार्गे कल्याणला संगणक न्यायचा म्हणजे दिवस मोडला. ईदच्या हंगामात हे परवडणारे नाही.

म्हणून आधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. सिस्टिमच्या माहितीत कार्डाचे नाव पाहून लिहून ठेवा. नवी आवृत्ती दुसऱ्या पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहा. पडदा नीट दिसला, तर नूवो हा खुला ड्रायव्हर बिले आणि साठ्याच्या नोंदींना पुरतो. नाहीच दिसला, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का, ते विचारा. असल्यास वीज बंद करून कार्ड काढा आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डला जोडा. नवे कार्ड घेण्याचा खर्चही वाचेल.