भामरागडचा वार्ताहर कोणाचा?

मार्च महिना उजाडला की वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात ‘नमुना ४, नियम ८’ अशी रूक्ष चौकट दिसते. वृत्तपत्र कोठून निघते, मुद्रक, प्रकाशक व संपादक कोण, भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा कोणाचा, हे तीत दिलेले असते. १९५६ च्या नियमांनी रूढ केलेली ही पद्धत. आपण वाचतो ते पत्र कोणाच्या मालकीचे आहे, हे वाचकाला कळावे, हा तिचा हेतू. मात्र बातमी आणणारा माणूस कोण, त्याची नेमणूक कोणत्या अटींवर झाली आणि त्याला काय मिळते, हे या चौकटीत नसते. बऱ्याचदा ते त्या माणसालाही नीट ठाऊक नसते. वृत्तपत्राच्या कारभारातील पारदर्शकतेचा विचार करायचा तर तो मुख्यालयापासून नव्हे, सर्वांत दूरच्या वार्ताहरापासून करायला हवा.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका हे असे दूरचे ठिकाण. तालुक्यातील हेमलकसा महाराष्ट्राला माहीत आहे ते १९७३ मध्ये तेथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. प्रकल्पाविषयी लिहायला पुण्या-मुंबईहून माणसे येतात. परंतु पर्लकोटेला पूर येऊन तालुक्याचा संपर्क तुटला, आश्रमशाळेत शिक्षक नाही, रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला, या बातम्या द्यायला तेथे राहणारा वार्ताहर लागतो. तो माडियाभाषक गावांत फिरतो, मराठीत लिहितो आणि मजकूर दूरच्या शहरातील डेस्ककडे पाठवतो.

विदर्भातच नव्हे, राज्यभर तालुका वार्ताहराची घडण साधारण सारखीच आहे. हातात ओळखपत्र असते, नियुक्तिपत्र क्वचितच. मानधन असलेच तर नाममात्र. खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनमधून. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांसाठी त्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते आणि वसुली थकली तर तगादाही त्याच्याच मागे लागतो. आता भामरागडसारख्या ठिकाणी जाहिरात देणार कोण? मोठी बाजारपेठ नाही, कारखाने नाहीत. उरतात ते कंत्राटदार, पुढारी आणि थोडेफार दुकानदार. म्हणजे ज्याने बांधलेला रस्ता वाहून गेला, त्याच्याकडेच पुरवणीची जाहिरात मागायला जायचे. अशा वेळी बातमी दाबायला कोणाला फोन करावा लागत नाही. वार्ताहर ती लिहायच्या आधीच गिळतो.

कायद्याने या माणसाचा विचारच केला नाही, असे नाही. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आणि जो वृत्तपत्राच्या नोकरीत आहे, तो श्रमिक पत्रकार, अशी त्याची व्याख्या. १९८१ च्या दुरुस्तीने तीत ‘पूर्णवेळ वा अर्धवेळ’ असे शब्द घातले. पालेकर, बच्छावत, मणिसाना आणि मजिठिया यांच्या शिफारशींनी वेतनाचे दर ठरत गेले. मजिठिया मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी उचलून धरल्या. १९ जून २०१७ च्या निकालात कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू असल्याचे स्पष्ट केले.

मग भामरागडचा वार्ताहर यातून निसटतो कसा? व्याख्येतील ‘मुख्य व्यवसाय’ या दोन शब्दांतून. वृत्तपत्र पोटापुरते देत नाही म्हणून तो किराणा दुकान चालवतो किंवा शेती करतो. दुकान आहे म्हणून पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय ठरत नाही. तो ठरत नाही म्हणून वृत्तपत्राला पोटापुरते द्यावे लागत नाही. शिवाय नोकरी सिद्ध करायला नियुक्तिपत्र हवे, तेच नसते. २०२० च्या कामगार संहितांत १९५५ चा कायदा सामावला गेला आणि वेतन मंडळाची स्वतंत्र तरतूदही मागे पडली. त्यामुळे हे चक्र कायद्याने तुटेल, ही आशा आणखी धूसर झाली आहे.

पैशाच्या गुप्ततेचा पुढचा टप्पा महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिला. एकाच उमेदवाराचे कौतुक करणारा तोच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल तयार केला. कौन्सिलने आधी त्याचा संक्षेप तेवढा जाहीर केला. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांपुढे आला. वृत्तपत्रांच्या अपारदर्शकतेवरचा अहवालही सहजासहजी उघड झाला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जंगलाच्या पट्ट्यात मात्र प्रश्न पैशापुरता राहत नाही. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा. तेथील ‘देशबंधू’चे वार्ताहर साई रेड्डी यांना पोलिसांनी २००८ मध्ये जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली होती, डिसेंबर २०१३ मध्ये माओवाद्यांनी त्यांची हत्या केली. दोन्ही बाजूंना एकाच माणसाचा संशय. त्याच जिल्ह्यातील मुकेश चंद्राकर स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवत आणि वृत्तवाहिन्यांना बातम्या पुरवत. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार त्यांनी पुढे आणला होता. १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले आणि ३ जानेवारीला एका रस्ता कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला.

अशा मुलखात डेस्कवरचा एक शब्दही जड असतो. चकमकीत मेलेल्याला ‘नक्षलवादी’ म्हणायचे की ‘ग्रामस्थ’, हे शहरातील उपसंपादक पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून रात्री ठरवतो. सकाळी गावात उत्तर द्यावे लागते ते वार्ताहराला. बातमीवर त्याचे नाव टाकायचे की नाही, हेही अनेकदा त्याला विचारले जात नाही. बातमी का लागली नाही, निम्मी का कापली, मथळा का फिरवला, याचे कारण कळत नाही. मग तो स्वतःच अर्थ लावतो आणि पुढच्या वेळी तशी बातमी पाठवतच नाही. मनोबल खचणे म्हणतात ते हेच. त्याचा आवाज होत नाही. तालुक्यातून येणाऱ्या बातम्या तेवढ्या हळूहळू सत्कार, उद्घाटने आणि प्रसिद्धिपत्रकांपुरत्या उरतात.

वृत्तपत्र चालवणाऱ्यांचीही बाजू आहे. जाहिरातीचे उत्पन्न नसलेल्या जिल्ह्यात पूर्ण पगार परवडत नाही, हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रद्द केला, तोही वृत्तपत्रांच्या देण्याच्या क्षमतेचा विचार झाला नाही म्हणूनच. पण न परवडणे आणि न सांगणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दर बातमीमागे किती देणार, हे कागदावर लिहून द्यायला फार खर्च येत नाही. बातमी नाकारल्याचे कारण कळवायला एक ओळ पुरते. धोक्याच्या बातमीवर नाव टाकण्याआधी विचारणे, आणि वार्ताहरावर गुन्हा दाखल झाला तर वृत्तपत्र पाठीशी उभे राहील की नाही हे आधीच सांगणे, यालाही पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो एकाच गोष्टीचा: जाहिरातीची वसुली बातमीदाराच्या हातून काढून दुसऱ्याकडे देण्याचा. तेवढा उचलला तर रस्त्याची बातमी लिहिताना वार्ताहराला निदान आपल्याच कमिशनची आठवण होणार नाही.

वाचकालाही यात काही करता येते. मार्चमधल्या त्या चौकटीत मालक वाचून झाल्यावर, आपल्या तालुक्यातून बातमी देणाऱ्याला या पत्राने नियुक्तिपत्र दिले आहे काय, एवढे संपादकांना पत्र पाठवून विचारावे. वर्गणी भरणाऱ्याला तो अधिकार आहे. उत्तर आले तर उत्तमच. आले नाही, तर त्या तालुक्याची बातमी किती विश्वासाने वाचायची, ते वाचकाने ठरवावे.