पाँडिचेरी : मराठ्यांच्या अभयाखाली वाढलेलं फ्रेंच गाव

१६७७ साली पाँडिचेरीतल्या मूठभर फ्रेंच व्यापाऱ्यांची झोप उडाली होती. छत्रपती शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर आले होते. जिंजीचा किल्ला त्यांनी घेतला होता. ज्या शेरखान लोदीने फ्रेंचांना समुद्रकाठची ही जागा दिली होती, त्याचाही पराभव झाला होता. वखार सांभाळणाऱ्या फ्रान्स्वा मार्टिनने जर्मां नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला. तिथलं वर्णन मार्टिनने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. छावणीत डामडौल नव्हता, बायका नव्हत्या, जडशीळ सामान नव्हतं. जाड्याभरड्या कापडाचे दोनच लहान तंबू होते, एक महाराजांचा आणि एक त्यांच्या प्रधानाचा. महाराजांनी फ्रेंचांना अभय दिलं. कोणाचीही बाजू न घेता राहा, म्हणजे सुखाने राहाल, एवढीच अट घातली.

फ्रेंच खाणं, फ्रेंच घरं आणि फ्रेंच पाहुणचार अनुभवायला पाँडिचेरीला निघालेल्या मराठी कुटुंबाने ही हकिगत मनात ठेवूनच गाडीत बसावं. या किनाऱ्यावर फ्रेंच आधी पाहुणे होते, आणि ते इथे टिकले त्यात मराठ्यांच्या शब्दाचा वाटा होता. तो धागा हाती धरला की गावातली प्रत्येक गल्ली वेगळी दिसू लागते.

गोरेगावात राहणाऱ्या आमच्यासारख्या घराला लांबलचक सुट्टी क्वचितच जमते. मुलांच्या परीक्षा, ऑफिसच्या रजा आणि आजीचे गुडघे, या सगळ्यांचा मेळ घालून शनिवार-रविवारला जोडून काय मिळेल तेवढं. पॅरिसचा खर्च आणि व्हिसाची धावपळ त्यात बसत नाही. पाँडिचेरी मात्र बसते. गाव लहान आहे, सपाट आहे, बरंचसं पायी फिरण्याजोगं आहे. आजीपासून नातीपर्यंत प्रत्येकाला तिथे आपापलं काही सापडतं.

कालव्याच्या दोन तीरांवर

गावाच्या मधोमध एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, जुनी फ्रेंच वस्ती आहे. पिवळ्या आणि पांढऱ्या भिंती, उंच कमानदार दरवाजे, त्यांच्यावरून ओसंडणारी बोगनवेल, निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तामिळ नावं. द्युमा, सफ्रां, रोमां रोलां अशी नावं वाचत मुलं पुढे पळतात, कारण रस्ते इतके सरळ आणि काटकोनात आहेत की चुकायची भीती नाही. हा आराखडा मात्र फ्रेंचांचा नाही. १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी जिंकली आणि १६९९ मध्ये ती तहाने परत केली. मधल्या काळात त्यांनी हा चौकटीचा नकाशा आखला, आणि फ्रेंचांनी पुढे त्यावरच गाव वाढवलं.

कालव्याच्या पश्चिमेला तामिळ वस्ती. तिथल्या जुन्या घरांना रस्त्यालगत लाकडी खांबांचा ओटा असतो. त्याला तिण्णै म्हणतात. वाटसरूने टेकावं, सावलीत घोटभर पाणी प्यावं, यासाठी तो घराबाहेर बांधलेला. काही घरांत तळमजला असा तामिळ आणि वरचा मजला फ्रेंच धाटणीचा, कमानी आणि खिडक्यांच्या झडपांसह. दोन संस्कृतींचा मिलाफ म्हणजे काय, हे मुलांना समजवायला अशा एका घरासमोर पाच मिनिटं उभं राहणं पुरेसं आहे.

आज दिसणारं गाव १७६१ नंतरचं आहे, हेही सांगायला हवं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, महिनोन् महिने वेढ्यात उपासमार सोसलेल्या पाँडिचेरीत इंग्रज फौज शिरली. फ्रेंच सेनापती लालीने शरणागती पत्करली होती. इंग्रजांनी पुढे तटबंदी आणि गाव जमीनदोस्त केलं. उत्तरेत मराठ्यांची आणि दक्षिणेत फ्रेंचांची, अशा इंग्रजांना अडवू शकणाऱ्या दोन सत्तांची कंबर एकाच आठवड्यात मोडली. शाळेच्या पुस्तकात या दोन घटना वेगवेगळ्या धड्यांत येतात. इथे त्या शेजारी ठेवून पाहता येतात. १७६३ च्या तहाने गाव फ्रेंचांना परत मिळालं आणि पुन्हा उभं राहिलं.

राघोजींना पाठवलेल्या बाटल्या

द्युमा मार्गावरून चालताना आमच्या घरात सर्वांत जास्त रंगलेली गोष्ट नागपूरकर राघोजी भोसल्यांची. १७४० मध्ये राघोजींच्या फौजांनी दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अलीला गाठलं. नवाब लढाईत मारला गेला. त्याच्या घरातल्या बायका-मुलांनी आणि जावई चंदासाहेबाच्या कुटुंबाने पाँडिचेरीच्या वेशीवर येऊन आसरा मागितला. गव्हर्नर बन्वा द्युमाने दरवाजे उघडले. मराठ्यांनी खंडणी मागितली, आसऱ्याला आलेल्यांना आमच्या हवाली करा म्हणून निरोप धाडला. द्युमाने नकार दिला. आलेल्या वकिलाचा मात्र त्याने आदराने पाहुणचार केला, त्याला तोफा आणि तटबंदी दाखवली, आणि राघोजींसाठी फ्रान्सहून आलेल्या गोड मद्याच्या बाटल्या भेट दिल्या. राघोजींच्या गोटात ते मद्य इतकं आवडलं की आणखी बाटल्यांची मागणी आली आणि द्युमाने त्या लगोलग पाठवल्या, असं फ्रेंच सत्तेच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. मराठे पाँडिचेरीवर चालून न जाता निघून गेले. भक्कम तट आणि तोफा यांचा हिशेबही राघोजींनी नक्कीच केला असणार. चंदासाहेब मात्र १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडल्यावर मराठ्यांच्या कैदेत साताऱ्याला आला.

आलेल्याला अंतर न देणं, हा या गावाचा स्वभाव पुढेही दिसतो. १९०८ मध्ये इंग्रजांचा ससेमिरा चुकवून कवी सुब्रमण्य भारती इथे आले आणि दहा वर्षं राहिले. ४ एप्रिल १९१० ला अरविंद घोष आले, ते परत गेलेच नाहीत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत असताना त्यांनी मराठी शिकून घेतली होती, आणि ध्यानाची दिशा त्यांना विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने दाखवली होती. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या आश्रमात, अरविंदांच्या फुलांनी झाकलेल्या समाधीपाशी बसताना मराठी माणसाला हे नातं आठवावं. पॅरिसमध्ये जन्मलेल्या मीरा अल्फासा, म्हणजे माताजी, यांनी तो आश्रम चालवला. त्यांच्याच कल्पनेतून २८ फेब्रुवारी १९६८ ला गावाबाहेर ऑरोविल वसवलं गेलं. त्या दिवशी १२४ देशांतली माती एका कलशात एकत्र ठेवली गेली. तिथल्या मातृमंदिराचा सोनेरी गोल बाहेरून सहज पाहता येतो, आत ध्यानाला बसायचं तर आधी नोंदणी करावी लागते.

वडवम आणि क्रोसाँ

सकाळी लवकर उठावं आणि बेकरी गाठावी. भट्टीतून नुकताच निघालेला क्रोसाँ हातात घेतला की त्याचे पापुद्रे बोटांना चिकटतात आणि लोण्याचा वास दरवळतो. हल्ली गोरेगावातही क्रोसाँ मिळतो, पण बागेत नावाचा लांब, कडक पाठीचा पाव रोज सकाळी घरी घेऊन जाणारी माणसं इथे आहेत, हा फरक चवीत उतरतो. कांद्याचं सूप, पातळ धिरड्यासारखा क्रेप, अंडी आणि चीज घातलेला कीश, वांगी-भोपळी मिरची-टोमॅटोचं रातातुय, शेवटी वरून जळक्या साखरेचा थर दिलेलं क्रेम ब्रूले, असं मुलांसह सगळ्यांना रुचेल ते मागवावं. शाकाहारी मंडळींनी कीश आणि केकमधल्या अंड्यांबद्दल आधी विचारावं. विचारलं की मनापासून सांगतात, पर्यायही सुचवतात.

पण पाँडिचेरीचं खरं स्वयंपाकघर या पदार्थांपलीकडे, दोन वस्त्यांच्या मधे आहे. तामिळ घरांत लहान कांदे आणि लसूण ठेचून त्यात मोहरी, मेथी, उडदाची डाळ, हळद, कढीपत्ता मिसळतात, गोळे करून कडक उन्हात दिवसच्या दिवस वाळवतात. हा वडगम किंवा वडवम. फोडणीत त्याचा तुकडा टाकला की साधी आमटीही खमंग होते. फ्रेंच घरांनी तो उचलला, आपल्या रश्शांत आणि सॉसमध्ये घातला. फ्रान्समध्ये तो वादुव्हान या नावाने पोहोचला आणि आज तिथले नामांकित आचारी तो मासे आणि भाज्यांवर वापरतात. आमच्या आजीने तो हातात घेऊन वास घेतला आणि त्याची कृती दुकानदाराकडून खाणाखुणांनी समजून घेतली. क्रिओल खानावळींत वडवमाची चव असलेला माशांचा रस्सा मिळतो. नाताळच्या दिवसांत रव्याचा, तुपाचा, मुरवलेल्या सुक्या मेव्याचा विविकम केक घरोघरी होतो. फ्रान्सची आठवण आणि तामिळ उन्हाची वाळवण एका ताटात येते ती अशी.

मुक्कामाला जुन्या फ्रेंच वाड्यातली छोटी अतिथिगृहं निवडावीत. मधे चौक, भोवती खोल्या, उंच छत. आम्ही उतरलो होतो तिथल्या यजमानीणबाई नातवंडांशी तामिळमध्ये आणि फोनवर फ्रेंचमध्ये बोलत. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी कारभार भारताकडे सोपवला, १६ ऑगस्ट १९६२ ला कायदेशीर हस्तांतर पूर्ण झालं, आणि तेव्हा इथल्या अनेक तामिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व कायम ठेवलं. कित्येकांचे वडील-आजोबा फ्रेंच सैन्यात होते. त्यामुळे फ्रेंचपण इथे नुसतं भिंतींच्या रंगात उरलेलं नाही, ते माणसांच्या घरात आणि बोलण्यात आहे. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस इथे आजही साजरा होतो. दुपारी बरीच दुकानं बंद असतात. तेव्हा आपणही जेवून पडावं, आणि उन्हं उतरली की बाहेर निघावं.

संध्याकाळी समुद्रकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि सगळं गाव तिथे लोटतं. १८३६ चा जुना दीपस्तंभ, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मारक आणि गांधीजींचा उंच पुतळा ओळीने भेटतात. पुतळ्याभोवतीचे कोरीव दगडी खांब जरूर निरखावेत. ते जिंजीहून आणलेले आहेत. जवळच मनकुल विनायकाचं मंदिर आहे. फ्रेंच यायच्या आधीपासूनचा हा गणपती, त्यामुळे मराठी पावलं तिकडे आपोआप वळतात.

जिंजी चुकवू नका

महाराजांनी घेतलेला आणि ते दगडी खांब जिथून आले तो जिंजीचा किल्ला पाहायला एक दिवस राखून ठेवा. पाँडिचेरीपासून सुमारे ७० किलोमीटरवर राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना कवेत घेणारी ही तटबंदी आहे. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड पडला, तेव्हा राजाराम महाराज इथे पोहोचले आणि मराठ्यांची राजधानी इथे आली. मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. किल्ला अखेर पडला, पण तोवर राजाराम महाराज निसटले होते आणि स्वराज्य तगलं होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा मराठा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला. राजगिरीची चढण दमवणारी आहे, पायऱ्या उंच आहेत, म्हणून सकाळी लवकर निघावं आणि पाणी भरपूर न्यावं. ज्येष्ठांना खाली कल्याण महाल आणि धान्याची कोठारं निवांत पाहता येतात.

कसं जाल

दादरहून थेट पाँडिचेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस आठवड्यातून काही दिवस असते. गोरेगावकरांना लोकलने दादर गाठून तिच्यात बसता येतं. वेळ कमी असेल तर विमानाने चेन्नई आणि पुढे पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर. वाटेत महाबलीपुरम लागतं. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चची सुरुवात हा काळ उत्तम. २००६ पासून गावाचं अधिकृत नाव पुदुच्चेरी आहे, तिकीट काढताना तेच शोधावं.

मुलांना तिथे नुसतं क्रोसाँ खायला नेऊ नका. त्यांना महाराजांच्या दोन तंबूंची, राघोजींच्या बाटल्यांची आणि जिंजीच्या आठ वर्षांच्या झुंजीची गोष्ट त्या त्या जागी उभं राहून सांगा. आपला इतिहास सह्याद्रीपाशी संपत नाही, तो कोरोमंडलच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता आणि तिथे परक्यांशी मानाने वागला होता, हे त्यांना कळायलाच हवं.