सायकल जड का चालते?

“काकू, मला नाही जमणार सायकल. फार दम लागतो. तुमची चावी घ्या.”

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची ही मुलगी. राहायला भांडुपला, डोंगरावरच्या वस्तीत. सकाळी सातला मुलुंडच्या एका लॅबमध्ये कामाला जायचं आणि दुपारी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला. पगार बेताचा, त्यातला बराचसा रिक्षातच जायचा. फीचा हप्ता थकला, तशी आई म्हणू लागली, “राहू दे तो कोर्स.” म्हणून मी माझ्या मुलाची सायकल तिला दिली. तो शिकायला पुण्याला गेल्यापासून ती जिन्याखाली धूळ खात पडली होती. गिअरची, जाडजूड टायरची, ‘माउंटन बाइक’ म्हणतात ती! पंधरा दिवसांत सायकल परत आली.

मला आधी वाटलं, वाटेत कुणी काही बोललं असेल. तसं काही नव्हतं. मग वाटलं, आजकालच्या मुलींना मेहनत नको. (आपल्यालाही असं पटकन वाटतंच ना?) शेवटी एका रविवारी पहाटे मीच ती सायकल घेऊन एलबीएस रोडला निघाले. मुलुंडहून सोनापूरच्या सिग्नलपर्यंत जाता जाता माझा जीव मेटाकुटीला आला. कोणी मागून ओढतंय असं वाटत होतं, आणि टायरमधून सारखा घर्र घर्र आवाज. मुलीचं काही चुकत नव्हतं हो!

आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी सायकल पाहिली आणि टायर दोन बोटांनी दाबला. “ताई, हा टायर चिखलासाठी आहे. रोडवर कशाला चालवता? आणि हवा तर निम्मीच आहे.”

त्यांनी सांगितलं ते पटण्यासारखं होतं. ही सायकल जन्मालाच आली डोंगरउतारासाठी. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातली हौशी मंडळी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकली पिटाळायची, त्यातून ती घडत गेली. तिच्या टायरवरचे रबराचे उंचवटे मातीत रुततात, पकड देतात. डांबरी रस्त्यात रुतायचं कुठे? मग प्रत्येक फेऱ्याला ते उंचवटे दबतात, वाकतात, पुन्हा सरळ होतात. आपल्या पायांचा जोर त्यातच खर्च होतो. हवा कमी असेल तर सगळा टायरच चेपत जातो आणि सायकल आणखी जड होते. हवेचं महत्त्व काही आजचं नाही. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, ते चाकं सुखाने फिरावीत म्हणूनच.

तर उपाय सोपा होता. सायकल तीच ठेवायची, टायर बदलायचे. मी उत्साहाने दुकानात गेले, “सव्वीसचे बारीक टायर द्या” म्हटलं आणि घेऊन आले. काकांनी ते रिमला लावून पाहिले, तर हातातल्या सैल बांगडीसारखे! मी आणले होते २६ × १ ३/८ चे, म्हणजे आपल्या नेहमीच्या लेडीज सायकलचे. आमच्या सायकलला हवे होते २६ × १.५०. दोन्ही ‘सव्वीस’च, पण अपूर्णांकात लिहिलेलं सव्वीस वेगळं आणि दशांशात लिहिलेलं वेगळं. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. आमच्या जुन्या टायरवर ५०-५५९ होतं. त्यातला ५० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ती कमी केली तरी चालते. ५५९ हे रिमचं माप, ते जुळलंच पाहिजे. लेडीज सायकलच्या टायरवर तिथे ५९० असतं. मग बसणार कसा?

नशिबाने दुकानदाराने टायर बदलून दिले. आता रुंदी १.९५ ऐवजी १.५० आणि वरून जवळजवळ गुळगुळीत. याहून बारीकही मिळतात, पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉकमधल्या फटी पाहता काकांनीच नको म्हटलं. दोन टायर आणि दोन ट्यूब, सगळं तिच्या महिन्याभराच्या रिक्षाच्या पैशांत बसलं.

“गुळगुळीत टायर पावसात घसरणार नाही का?” हा तिच्या आईचा प्रश्न. ओल्या डांबरावर पकड रबराची असते, नक्षीची नव्हे. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की पाणी आपोआप बाजूला सरतं. घसरायला होतं ते गटाराच्या लोखंडी झाकणावर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर आणि चिखलात. तिथे वेग कमी करायचा आणि हँडल वळवायचं नाही.

सायकल पुन्हा तिच्या घरी गेली. अर्ध्या तासाची वाट पंचवीस मिनिटांवर आली. पाच मिनिटं म्हणजे काही फार नाही, पण परवा ती म्हणाली, “काकू, आता लॅबमध्ये पोचल्यावर लगेच सुई हातात घेता येते, हात थरथरत नाही.” फीचा थकलेला हप्ताही भरला गेला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्याही जिन्याखाली मुलाने हौसेने घेतलेली अशी एखादी सायकल उभी असेल. “आपल्याला नाही झेपत” म्हणून ती भंगारात देण्याआधी एकदा तिच्या टायरकडे बघाल?

टायर बदलताना
• जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे कागदावर लिहून न्या. नुसतं ‘सव्वीस’ सांगू नका. २७.५ आणि २९ इंची चाकांचे टायर वेगळे असतात.
• रोजच्या डांबरी रस्त्याला १.५० रुंदीचा गुळगुळीत टायर बरा. वाट निम्मी कच्ची असेल तर मधे गुळगुळीत आणि कडेला नक्षी असलेला घ्या.
• ट्यूबही त्याच रुंदीला चालणारी घ्या.
• एकाच टायरचे पैसे असतील तर मागचा आधी बदला. जास्त वजन त्याच्यावर येतं.
• हवेचा जास्तीत जास्त दाब टायरवरच लिहिलेला असतो, तो ओलांडू नका. आमच्या टायरवर ६५ आहे, आम्ही मागे ५५ आणि पुढे ५० ठेवतो.
• अंगठ्याने दाबून अंदाज चुकतो. काटा असलेला पंप वापरा आणि आठवड्यातून एकदा हवा तपासा. हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून फाटते.