चकाची बॅकप्लेट: आटे ओढतात, सरळ बसवतो शोल्डर

जुन्या लेथवर चक थेट स्पिंडलच्या आट्यांवर चढवलेला असतो. साउथ बेंडच्या 9 इंची लेथचं नोज दीड इंच व्यासाचं आहे, इंचाला 8 आटे. नवा चक आणला की त्यामागची बिडाची बॅकप्लेट आपल्या नोजला जुळवून घ्यावी लागते. आटे जितके घट्ट तितकं फिटिंग चांगलं, असा समज पक्का असतो आणि तो घातक आहे. आट्यांचं काम प्लेट मागे ओढून धरण्याचं. काटकोनात ती बसते नोजमागच्या शोल्डरवर टेकून. आटे फार आवळ पडले तर प्लेट त्यांच्याच कलाने वाकडी चढते आणि शोल्डरला एका बाजूनेच टेकते.

पहिली अडचण अशी, की प्लेटला आटे पाडायचे तर ती चकातच धरावी लागते. मग नोज तपासायला मोकळं कुठे? म्हणून आधी नोजची हुबेहूब नक्कल करावी. आट्यांच्या खाचांत सारख्या जाडीच्या तारा ठेवायच्या, एका बाजूला दोन, समोर एक, आणि वरून मायक्रोमीटर लावायचा. या आट्याला 1.8 मिमीच्या तारा चालतात. एकाच मापाचे तीन ड्रिल घेतले तरी भागतं. नोजवर आणि नकलेवर त्याच तारांनी तेच माप आलं, की नक्कल जमली.

आता प्लेट. बोअर साधारण 34.8 मिमी करावा. आटे 60 अंशांचे, पिच 3.175 मिमी. टूल सेंटर गेजने सरळ लावायचं. लीड स्क्रू इंचाला 4 आट्यांचा असेल तर हाफ नट कुठेही टाका, टूल त्याच खाचेत येतं. बीड कोरडंच कापतात. शेवटचे कट अगदी हलके घ्यावेत आणि प्रत्येक कटानंतर भुकटी झटकून नक्कल फिरवून पाहावी. ती दोन बोटांनी आत जायला हवी. किंचित सैल चालेल, जोर लावावा लागता कामा नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बोअर, आटे, तोंडाशी शोल्डरजवळच्या बिनआट्याच्या भागासाठी केलेली मोकळीक आणि शोल्डरवर टेकणारा फेस, हे सगळं एकाच पकडीत करायचं. मधेच जॉब सोडून परत धरला तर फेस आट्यांच्या अक्षाशी काटकोनात राहीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मग चक उतरवून नोज आणि शोल्डर पुसावेत. शोल्डरवर निळा रंग अगदी पातळ लावून प्लेट चढवायची, टेकवायची, काढून पाहायची. रंग फेसवर सगळीकडून उमटायला हवा. अर्ध्याच वर्तुळावर उमटला तर पुढे जाऊ नये. 50 मिमी रुंद शोल्डरच्या कडेला 0.02 मिमीचा कण अडकला, तरी तिथून 150 मिमी पुढे अक्ष 0.06 मिमी सरकतो आणि डायल गेज 0.12 दाखवतो.

प्लेट नीट टेकली की ती त्याच स्पिंडलवर ठेवून पुढचा फेस आणि चकाच्या खोबणीत बसणारा गोल कठडा कापावा. स्वतःच्या स्पिंडलवर कापल्याने उरलासुरला फरकही निघून जातो. मगच बोल्टची भोकं पाडून चक बांधावा.

दर वेळी चक चढवताना आटे ब्रशने झाडा, शोल्डर कापडाने पुसा, थेंबभर तेल लावा आणि चक हाताने हळू टेकवा. झटका देऊन बसवलेला चक पुढे निघता निघत नाही. आणि अशा नोजवर लेथ उलट फिरवून कट घेऊ नका. आटे सुटतात आणि फिरता चक अंगावर येऊ शकतो.