फोन एक, माणसे चार. ‘खासगी’ ब्राउझर नेमके काय लपवतो?

जुना जालना भागातले एक घर डोळ्यांसमोर आणा. गांधी चमनपासून चालत जाता येईल अशी गल्ली, घरात चार माणसे आणि धड चालणारा स्मार्टफोन एकच. रात्री सगळे झोपल्यावर घरातली बाई गूगलवर शोधते : ‘छातीत गाठ, दुखत नाही’. दोन पाने वाचते, एक व्हिडिओ पाहते आणि फोन चार्जिंगला लावते. घरात तिने अजून कुणालाही सांगितलेले नाही.

सकाळी मुलगा अभ्यासासाठी तोच फोन घेतो. शोधपट्टीला बोट लावताच आईचे रात्रीचे शब्द खाली येतात. यूट्यूबवर त्याच आजाराचे व्हिडिओ पुढे येतात. क्रिकेटची बातमी उघडली तर मधोमध रुग्णालयाची जाहिरात. आईने सांगायच्या आधीच फोनने सांगून टाकले.

हे घर कल्पनेतले आहे, पण कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर, जुन्या आणि नव्या जालन्यातही, ही वेळ कुणावरही येऊ शकते. आजाराच्या जागी कर्ज, नोकरी किंवा घरातला वाद असेल, एवढाच फरक. अशा वेळी ‘प्रायव्हसी ब्राउझर टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र वरच्या प्रसंगात गुपित तीन वेगवेगळ्या वाटांनी फुटले आहे आणि प्रत्येक वाटेला कुलूप वेगळे लागते. ते कसे, हे नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून पाहू.

ब्राउझर म्हणजे गूगलच ना?

नाही. संकेतस्थळे उघडून दाखवणारे अ‍ॅप म्हणजे ब्राउझर. क्रोम, सफारी, फायरफॉक्स ही त्याची उदाहरणे. गूगल, बिंग, डकडकगो ही शोधयंत्रे. ती ब्राउझरच्या आत चालतात. म्हणून ब्राउझर बदलला तरी शोधयंत्र जुनेच राहू शकते. दोन्ही बदलायचे असतील, तर सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ वेगळे निवडावे लागते.

इन्कॉग्निटो लावले की झाले ना?

अर्धे काम होते. इन्कॉग्निटो टॅब बंद केला की त्यातला इतिहास आणि कुकी फोनमधून पुसल्या जातात. रात्री तो वापरला असता, तर मुलाला शोधपट्टीत ते शब्द दिसले नसते. ही झाली पहिली वाट. मात्र डाउनलोड केलेली फाइल फोनमध्ये तशीच राहते. टॅब बंद करायचा राहिला, तर पानही तसेच उघडे सापडते.

शिवाय इन्कॉग्निटो फोनमधली नोंद पुसतो. समोरच्या संकेतस्थळाने केलेली नोंद त्याच्या हातात नसते. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा दाखल झाला. इन्कॉग्निटोमध्येही आमची माहिती गोळा होते, अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. इन्कॉग्निटो उघडताना दिसणाऱ्या सूचनेचा मजकूरही बदलला. तुम्ही भेट देता ती संकेतस्थळे, गूगलच्या सेवांसह, माहिती गोळा करू शकतात, हे तिथे आता लिहिलेले असते. बहुतेक जण ती सूचना न वाचताच पुढे जातात.

मग प्रायव्हसी ब्राउझर वेगळे काय करतो?

तो तिसरी वाट, म्हणजे जाहिरातीची वाट, अडवतो. एखादे संकेतस्थळ उघडले की त्या पानात जाहिरात आणि मोजणी कंपन्यांचे छोटे प्रोग्रामही चालू होतात. त्यांना ट्रॅकर म्हणतात. एकाच कंपनीचा ट्रॅकर आजाराच्या पानावरही असतो आणि क्रिकेटच्या पानावरही. तो तुमच्या फोनमध्ये कुकी नावाची छोटी खूण ठेवतो आणि पुढच्या पानावर तिच्यावरून तुम्हाला ओळखतो. कुकी १९९४ मध्ये लू मॉन्टुली या अभियंत्याने नेटस्केप ब्राउझरसाठी तयार केली होती. संकेतस्थळाला आधीच्या भेटीतले काही लक्षात राहावे, एवढाच तिचा हेतू होता. माग काढण्यासाठी तिचा वापर पुढे जाहिरातदारांनी सुरू केला.

प्रायव्हसी ब्राउझर ओळखीचे ट्रॅकर पानात उतरूच देत नाही आणि परक्या कंपन्यांच्या कुकी रोखतो. काही ब्राउझर ‘फिंगरप्रिंटिंग’ही अवघड करतात. फोनचे मॉडेल, स्क्रीनचा आकार, भाषा, फॉन्ट अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून कुकीशिवाय फोन ओळखण्याच्या पद्धतीला हे नाव आहे.

याचा एक उघड फायदा म्हणजे पाने लवकर उघडतात आणि डेटा वाचतो. रोजच्या मोजक्या डेटावर भागवणाऱ्याला तो लगेच जाणवतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. बातम्यांच्या अनेक संकेतस्थळांचे उत्पन्न जाहिरातींवर असते, त्यामुळे काही जण जाहिरात अडवणाऱ्या ब्राउझरला आत घेत नाहीत.

यूट्यूबवर तेच व्हिडिओ का आले?

ही दुसरी वाट आणि तिथे ब्राउझरचा हात पोहोचत नाही. यूट्यूब अ‍ॅप घरातल्या एकाच गूगल खात्यावर चालू असते. तुम्ही काय पाहिले, हे त्या खात्यात साठते आणि त्यावरून पुढच्या शिफारशी येतात. ब्राउझर कितीही चांगला असला तरी त्यात खात्याने लॉगइन केले, तर तुम्ही स्वतःच नाव सांगून आत गेलात.

उपाय सोपा आहे. यूट्यूब अ‍ॅपमध्ये स्वतःचा इन्कॉग्निटो पर्याय आहे. तो लावून व्हिडिओ पाहावा किंवा पाहून झाल्यावर ‘हिस्ट्री’मधून तेवढा व्हिडिओ काढून टाकावा. प्रायव्हसी ब्राउझरमध्ये व्हिडिओच्या लिंकवर बोट ठेवल्यास फोन बरेचदा थेट यूट्यूब अ‍ॅप उघडतो. तिथे सावध राहावे.

कोणता ब्राउझर घ्यावा?

गरज पाहून ठरवावे.

फायरफॉक्स फोकस : मोझिलाचा छोटा, साधा ब्राउझर. कचरापेटीच्या चिन्हावर एकदा बोट ठेवले की सगळा इतिहास साफ. बोटाच्या ठशाने त्याला कुलूपही लावता येते. अनेकांच्या हातात फिरणाऱ्या फोनसाठी सोयीचा.

डकडकगो : यात याच नावाचे शोधयंत्र आहे. ज्वाळेच्या चिन्हाचे बटण दाबले की टॅब आणि नोंदी पुसल्या जातात. अँड्रॉइडवर इतर अ‍ॅपमधले ट्रॅकर अडवण्याची सोयही यात आहे.

ब्रेव्ह : दिसायला-वापरायला क्रोमसारखा, त्यामुळे सवय लवकर होते. जाहिराती आणि ट्रॅकर आपोआप अडवतो. मात्र साधा टॅब वापरला तर इतिहास फोनमध्ये राहतो. तो पुसायची सवय हवी.

टॉर ब्राउझर : तुमची मागणी जगभरातल्या तीन टप्प्यांवरून फिरवून नेतो, त्यामुळे ती कुठून आली हे संकेतस्थळाला कळत नाही. वेग मात्र बराच कमी होतो. रोजच्या कामासाठी त्याची गरज नसते.

आयफोनवर सफारी २०२० पासून परक्या कुकी आपोआप रोखतो. भारतात आयफोनवरचे इतर ब्राउझरही आतून अ‍ॅपलच्याच वेबकिट इंजिनवर चालतात.

हे फुकट कसे देतात? विश्वास ठेवावा का?

डकडकगो तुम्ही त्या क्षणी शोधलेल्या शब्दावर जाहिरात दाखवते, तुमच्या मागच्या इतिहासावर नाही. ब्रेव्हचे स्वतःचे जाहिरात जाळे आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला मुख्य शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतो.

पाय यांचेही घसरले आहेत. ब्रेव्हमध्ये काही पत्ते टाइप केल्यावर कंपनीला कमिशन मिळवून देणारी लिंक आपोआप जोडली जाते, हे २०२० मध्ये उघड झाले. कंपनीने चूक मान्य करून ते बंद केले. डकडकगोचा ब्राउझर मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना मोकळीक देतो, हे २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले. त्यानंतर कंपनीने तेही अडवायला सुरुवात केली. एकेकाळी भारतात घरोघरी असलेला यूसी ब्राउझर वापरकर्त्यांची माहिती पुरेशा सुरक्षेविना पाठवतो, असे कॅनडातल्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवले होते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये तोही होता.

म्हणून नावातला ‘प्रायव्हेट’ शब्द पाहून अ‍ॅप घेऊ नये. अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि नावाखाली कंपनी कोणती आहे, ते वाचावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून ब्राउझर कधीच टाकू नये.

मग आता आपल्याला कुणीच पाहत नाही?

असे नाही. मोबाइल कंपनीला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे साधारणपणे कळते. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर तिथे कोणते पान वाचले आणि काय लिहिले, ते मात्र तिला दिसत नाही. दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या वायफायलाही हेच लागू. व्हीपीएन घेतला तर मोबाइल कंपनीऐवजी ती माहिती व्हीपीएन कंपनीकडे जाते. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिले, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. त्यामुळे फुकटचा, अनोळखी व्हीपीएन टाळलेलाच बरा.

बँक आणि सरकारी कामे अडतील का?

कधी कधी. नवी खिडकी अडवली गेल्यामुळे पावती उघडत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही, असे होते. तेव्हा पत्त्याच्या पट्टीजवळच्या ढालीच्या चिन्हावरून तेवढ्या संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करता येते. नोंदी पुसल्या की दर वेळी नव्याने लॉगइन करावे लागते. सोपा मार्ग म्हणजे दोन ब्राउझर ठेवणे : सातबारा, फॉर्म, बँक यांसाठी नेहमीचा आणि खासगी वाचनासाठी दुसरा.

फसवणूक थांबेल का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. ट्रॅकर जाहिरातीसाठी तुमचा माग काढतो. चोराला तुमचे पैसे हवे असतात. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल तुम्ही स्वतः उघडली, ओटीपी स्वतः सांगितला, तर कोणताही ब्राउझर वाचवू शकत नाही. पत्त्याजवळचे कुलूपही संकेतस्थळ प्रामाणिक असल्याचा दाखला देत नाही. मधल्या वाटेत कुणी वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नियम मोडणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठी वाचकाच्या कामाची एक तरतूद यात आहे : माहिती घेण्यासाठी संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या यादीत मराठी आहे.

आज रात्री काय करता येईल?

ज्या घराची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिथे चार गोष्टी पुरेशा आहेत.

१. फोकस किंवा डकडकगो अधिकृत स्टोअरमधून घ्यावा. त्यात कोणत्याही खात्याने लॉगइन करू नये.

२. वाचून झाले की पुसण्याचे बटण दाबूनच फोन खाली ठेवावा.

३. व्हिडिओ यूट्यूबच्या इन्कॉग्निटोमध्ये पाहावा.

४. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ आणि त्यातल्या ‘अ‍ॅड्स’मध्ये जाऊन जाहिरात ओळखक्रमांक काढून टाकावा. अ‍ॅपमधल्या जाहिरातदारांची ओळखीची खूण त्यामुळे जाते. काही फोनमध्ये हा पर्याय ‘प्रायव्हसी’खाली असतो.

याने ती बाई जगापासून अदृश्य होणार नाही. आजाराबद्दल घरात कधी आणि कुणाला सांगायचे, हे मात्र तिच्या हातात राहील. गाठीची तपासणी तर डॉक्टरांकडूनच करून घ्यायची आहे आणि ती लवकर. तिथे कोणी सोबत यायचे, हेही तिलाच ठरवू द्या.